स्फोट आणि ध्वनी : छोट्या इंजिनाचा आवाज ताकद न गमावता कसा कमी करावा

आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी खेळण्यातल्या बोटीच्या इंजिनावर कशाला बोलावं? पण मागच्या महिन्यात कार्यकारणभावावर बोललो, तेव्हा अभियांत्रिकीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी चिठ्ठी पाठवली होती. त्यांनी साडेतीन सीसीचं इंजिन बसवून हातभर लांबीची बोट केली आहे. बोट धावते चांगली, पण तळ्याकाठचे लोक ओरडतात. आवाज बंद करायला गेलं की बोट मरगळते. "सर, आवाज आणि ताकद यांचा संबंध कारण-कार्याचा आहे का?" असा त्यांचा प्रश्न. हा प्रश्न आम्हाला फार आवडला, म्हणून आजचं व्याख्यान त्यालाच देतो.

सुरुवात न्यायशास्त्रातून करू. विश्वनाथ पंचाननांच्या 'भाषापरिच्छेदा'त कारण कशाला म्हणायचं याची चर्चा आहे. घडा होतो तेव्हा कुंभाराचा दांडा असतो, आणि दांड्याला रंगही असतो. दांडा कारण आहे, पण दांड्याचा रंग कारण नव्हे. तो कायम सोबत असतो एवढंच. माती वाहून आणणारं गाढवही कारण नव्हे. अशा गोष्टींना नैयायिक 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आता इंजिनाकडे बघा. आवाज नेहमी ताकदीच्या सोबत येतो, म्हणून पोरांना वाटतं की आवाजातच ताकद आहे. नैयायिक तर आणखी पुढे जाऊन म्हणेल, दांड्याचा रंग निदान घड्याच्या आधी हजर असतो, तुमचा आवाज स्फोटाच्या नंतर येतो. जो कार्याच्या आधी नाही, तो कारण कसला?

आणि हा गोंधळ फक्त बोटवाल्या पोरांचा नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी बुलेटचे बदललेले सायलेन्सर जप्त करून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिलेत. त्या गाडीवाल्याची प्रामाणिक समजूत असते की सायलेन्सर 'मोकळा' केला की गाडी जास्त पळते. खरं म्हणजे कानाला ती जास्त पळते.

आकड्यांत बघू, म्हणजे शंका राहणार नाही. समजा इंजिनापासून एक मीटरवर १०० डेसिबल आवाज आहे, म्हणजे चांगलाच कर्कश. १०० डेसिबलचा अर्थ, दर चौरस मीटरमधून एका वॉटचा शंभरावा भाग एवढी ध्वनिशक्ती जाते. बोट पाण्यावर आहे, म्हणून आवाज अर्धगोलात पसरतो असं धरू. एक मीटर त्रिज्येच्या अर्धगोलाचं क्षेत्रफळ सव्वासहा चौरस मीटर. म्हणजे सगळा मिळून आवाज ०.०६ वॉटच्या आसपास. साडेतीन सीसीचं चांगलं इंजिन एक अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ७५० वॉट देतं. बारा हजारांतला एक भाग! हा सगळा आवाज पकडून पुन्हा पंख्याला जोडला तरी बोटीला काही कळणार नाही, आणि तो सगळा मारला तरी बोटीचं काही जाणार नाही. ताकद जाते ती आवाज मारण्याच्या *पद्धतीत*. आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे, बाकी तपशील.

इथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. भर्तृहरीच्या 'वाक्यपदीया'त स्फोट आणि ध्वनी असा भेद आहे. अर्थ वाहून नेतो तो स्फोट, आणि कानावर पडतो तो ध्वनी. इंजिनातही काम करतो स्फोट, कानावर पडतो ध्वनी. शब्दांचा योगायोग आहे, त्यातून भर्तृहरीला डिझेलचं ज्ञान होतं असं कृपा करून कोणी काढू नका. तसले लेख आजकाल फार येतात.

तर आवाज येतो कुठून? सिलिंडरमध्ये जाळ होतो, दट्ट्या खाली येतो आणि धुराची वाट उघडते. त्या क्षणी आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो भसकन सुटतो. प्रत्येक सुटण्याचा एक ठोका. आपल्याकडे नदीकाठच्या मळ्यांत पूर्वी पाण्याची डिझेल इंजिनं चालायची ती आठवा. किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या माळरानावर कारखाना उभा केला, तिथून नांगर निघाले, पंप निघाले, आणि १९४६ मध्ये पुण्याला खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना सुरू झाला. कृष्णाकाठचा ऊस त्या इंजिनांच्या टुक्-टुक् आवाजावर वाढलाय. फोर-स्ट्रोक, एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला साडेबारा ठोके पडतात, म्हणून कानाला ते सुटे सुटे ऐकू येतात. बोटीचं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १८००० फेरे घेतं आणि प्रत्येक फेऱ्याला ठोका देतं. म्हणजे सेकंदाला ३००. मग ठोका उरत नाही, किंकाळी होते. माणसाच्या कानाला सर्वांत टोचणारा भाग त्याच्याही वर, एक हजार ते चार हजारांच्या पट्टीत असतो, आणि या किंकाळीचे वरचे स्वर नेमके तिथे पडतात.

पिठाच्या गिरणीचंही उदाहरण घ्या. जुने गिरणीवाले धुराड्याच्या तोंडावर मुद्दाम पत्र्याचा डबा नाहीतर टोपी बसवायचे, पुक् पुक् आवाज लांबवर जावा म्हणून. गिरणी चालू झाली, दळण घेऊन या, अशी ती दवंडी. त्या डब्यानं गिरणीची ताकद वाढत नव्हती, गिऱ्हाईक वाढत होतं.

आता मुख्य गोष्ट, सायलेन्सर. त्याच्यात दोन अगदी वेगळी कामं चालतात, आणि ती वेगळी न कळल्यामुळेच ताकद जाते. वायूचा *प्रवाह* पुढे गेला पाहिजे आणि दाबाची *लाट* अडली पाहिजे. आमच्या नैयायिकांनी शब्द कसा पसरतो हे सांगताना वीचीतरंगन्याय वापरला. तळ्यात दगड टाकला की एक लाट दुसरीला ढकलते, पाणी मात्र जागेवरच राहतं. तसंच नळीतून वायू सावकाश जातो आणि लाट त्याच्या कितीतरी पुढे धावते. कापडाचा बोळा किंवा बारीक भोक लावून तुम्ही दोघांनाही अडवता. आवाज कमी होतो खरा, पण आतला जळका वायू बाहेर पडत नाही. टू-स्ट्रोकमध्ये तर नवा वायूच जुन्याला ढकलून बाहेर काढतो. पुढे वाट नसली की जुना आत राहतो, नव्याला जागा मिळत नाही, इंजिन तापतं आणि फेरे पडतात. पोरांच्या बोटीचं हेच झालं होतं.

लाट अडवायची आणि वायू सोडायचा, तर नळी एकदम रुंद करा. अरुंद नळी मोठ्या डब्यात उघडली की त्या तोंडाशी लाटेचा मोठा भाग परत फिरतो, वायूला मात्र कसली आडकाठी नाही. नळीचा व्यास १० मिलिमीटर आणि डब्याचा ३० असेल तर क्षेत्रफळ नऊपट होतं, आणि गणितानं जास्तीत जास्त १३ डेसिबल आवाज कमी होऊ शकतो. ४० चा डबा घेतलात तर १८. 'जास्तीत जास्त' हा शब्द लक्षात ठेवा. कारण डब्याची लांबी ज्या स्वराच्या अर्ध्या तरंगलांबीएवढी असते, तो स्वर सरळ आरपार निघून जातो, जणू डबाच नाही. यावर सोपा उपाय असा, की आत येणारी नळी डब्याच्या अर्ध्यापर्यंत आत घुसवायची आणि बाहेर जाणारी पाव भागापर्यंत. मग बऱ्याचशा निसटत्या स्वरांची वाट बंद होते. जमलं तर एका लांब डब्याऐवजी वेगवेगळ्या लांबीचे दोन डबे एकामागे एक लावा. पहिल्यातून जो निसटतो तो दुसऱ्यात सापडतो. डब्यांचं एकूण आकारमान सिलिंडरच्या निदान दहा-वीस पट हवं. बोटीत जागा नसते हे खरं, पण लहान डबा हा शेवटी बोळ्याचाच भाऊ.

शेवटच्या तोंडाला एका भोकाऐवजी पुष्कळ छोटी भोकं पाडता येतात. त्यानं सुटत्या वायूचा फूत्कार वरच्या पट्टीत जातो, आणि वरचे स्वर हवेत लवकर विरतात. पण भोकांचं एकूण क्षेत्रफळ नळीच्या क्षेत्रफळापेक्षा दीड-दोनपट ठेवा. ही बेरीज न करता सुईनं चार भोकं पाडून मोकळे होणारे फार. काचेची लोकर किंवा तारेचा काथ्या भरू का, असं कोणी विचारेल. मोटारीत ते चालतं. पण या इंजिनाच्या मिथेनॉलमध्ये एरंडेल असतं, आणि कलकत्त्याला बनणारी 'ऑरोरा'सारखी छोटी डिझेल इंजिनं चालवलेल्यांना ईथर, रॉकेल आणि एरंडेलाचं मिश्रण आठवत असेल. न जळलेलं एरंडेल त्या लोकरीत बसतं, चिकट होतं, आणि पंधरा दिवसांत तुमचा सायलेन्सर म्हणजे बूच.

यापुढची गोष्ट ऐकायला चमत्कारासारखी आहे. आवाजाची लाट नुसती अडवायची कशाला, तिला कामाला लावू. हे काम पूर्व जर्मनीतल्या एम.झेड. मोटारसायकल कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात पूर्णत्वाला नेलं. धुराच्या नळीला आधी पसरत जाणारा शंकू, मग आकसत जाणारा शंकू, आणि शेवटी बारीक नळी. पसरत्या शंकूतून लाट उलटी होऊन परत येते, म्हणजे ओढ घेऊन येते, आणि सिलिंडरमधला जळका वायू शोषून काढते. या ओढीनं थोडं ताजं इंधनही बाहेर सांडतं. तेवढ्यात आकसत्या शंकूवर आपटलेली लाट दाब घेऊन परतते आणि ते सांडलेलं इंधन वाट मिटायच्या आत सिलिंडरमध्ये पुन्हा ढकलते. १९६१ साली काडेन यांच्या १२५ सीसीच्या इंजिनानं २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेला पळाला, सुझुकीला मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीनं ५० सीसीचं जागतिक विजेतेपद घेतलं. ज्ञान सीमा ओलांडून कसं जातं यावर एक वेगळं व्याख्यान होईल! आपल्या रस्त्यावरच्या आर.एक्स. १०० च्या धुराड्यात हीच विद्या आहे, आणि आपली पोरं त्यातली आतली जाळी काढून टाकून ती विद्या बिघडवतात.

बोटीच्या इंजिनाला ही नळी किती लांब हवी? धुराची वाट फेऱ्याच्या ३६० अंशांपैकी समजा १६० अंश उघडी असते. १८००० फेऱ्यांना एक फेरा सेकंदाचा तीनशेवा भाग घेतो, म्हणजे वाट दीड मिलिसेकंदाला थोडी कमी एवढाच वेळ उघडी. गरम धुरात आवाजाची लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते. त्या वेळात ती जाऊन-येऊन ७४ सेंटिमीटर चालेल, म्हणजे एकेरी ३७. आकसत्या शंकूचा मध्य सिलिंडरपासून साधारण एवढ्या अंतरावर हवा. हा पहिला अंदाज. नंतर सिलिकॉनच्या जोडनळीवर दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे करत जुळवायचं, तंबोऱ्याची तार जुळवतात तसं. शंकूंच्या शेवटच्या बारीक नळीनंतर मघाचा डबा लावला की आवाज बराच उतरतो, आणि ताकद साध्या मोकळ्या नळीपेक्षा जास्तच मिळते. पोरांनी विचारलं होतं, आवाज कमी करून ताकद राखता येईल का. इथे तर ती वाढते आहे.

बोटीला आणखी एक सोय आहे जी विमानाला नाही. पाणी. सिलिंडर थंड करून आलेलं पाणी धुराच्या वाटेत सोडलं की वायू एकदम गार होतो आणि आक्रसतो. केल्व्हिनमध्ये तापमान निम्म्यावर आलं तर आकारमान निम्म्यावर, म्हणजे त्याच नळीतून तो निम्म्या वेगानं बाहेर पडतो आणि फूत्कार पार बसतो. मात्र पाणी शंकूंच्या *नंतर* सोडा. आधी सोडलंत तर लाटेचा वेग बदलेल आणि जुळवलेली लांबी बेसूर होईल. आणि नळीचा उतार नेहमी बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे बोट थांबल्यावर ते पाणी सिलिंडरमध्ये शिरणार नाही. मोठ्या बोटींची आउटबोर्ड मोटर धूर थेट पंख्याच्या मधल्या पोकळीतून पाण्याखाली सोडते. बोट वेगात असली की पंख्यामागची ओढच धूर खेचून घेते. पण बोट सावकाश चालली की वरच्या पाण्याचा दाब धुरावर येतो, म्हणून पाण्याच्या रेषेवर एक छोटं सुटकेचं भोक ठेवलेलं असतं. त्यातून सावकाश चालताना घरघर ऐकू येते.

हे आम्ही नुसतं यंत्राचं कौतुक म्हणून सांगत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा सांगलीच्या गल्ल्यांतून मोटरबोटी फिरल्या. माडीवरून कोणी म्हातारी हाक मारते आहे, आणि बोटीतल्या माणसाच्या कानात फक्त इंजिन आहे, ही कल्पना करून बघा. हाक ऐकायची तर इंजिन बंद करावं लागतं, आणि पुराच्या ओढीत इंजिन बंद करणं म्हणजे बोट सोडून देणं. शांत इंजिन हा तिथे शौक नव्हता. पोरांनो, तुम्ही हातभर बोटीवर जे शिकताय ते उद्या मोठ्या बोटीवर लागणार आहे, हे लक्षात असू द्या.

आता सायलेन्सर झाला तरी काम संपत नाही. डेसिबलचं गणित विचित्र असतं. समजा धुराचा आवाज १००, हवा आत ओढण्याचा ९० आणि सांगाड्याचा ८८. एकूण होतात १००.७. हवेचा आवाज पूर्ण बंद केला तरी एकूण १००.३, कोणाला फरकही कळणार नाही. म्हणून आधी सर्वांत मोठा आवाज धरायचा. धूर १५ नं उतरवून ८५ वर आणला की एकूण ९३ होतात. पण आता राजा बदलला, हवा ओढण्याचा आवाज सर्वांत मोठा झाला. मग कार्बोरेटरच्या तोंडाला एक लहानशी पेटी, तोंडापेक्षा मोठ्या वाटेची. पुष्कळ लोक दुसरा, तिसरा सायलेन्सर लावत बसतात आणि आवाज ९२ च्या खाली का येत नाही म्हणून डोकं धरतात.

तिसरा चोर म्हणजे बोटीचं अंग. मिरज आपल्या शेजारी आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्ही वाचलं असेल. तंबोऱ्याची तार नुसती दोन खिळ्यांवर ताणून छेडा, जेमतेम ऐकू येते. भोपळा लागला की दालन भरतं. पातळ प्लायवूडची पोकळ बोट हा तुमचा भोपळा आहे, आणि इंजिन ही तार. मिरजेचा कारागीर जे जे करतो त्याच्या नेमकं उलट करा. इंजिन थेट लाकडावर न कसता रबराच्या गादीवर बसवा, आतून बोटीला जड, मऊ थर द्या, आणि झाकण सैल ठेवू नका. मात्र रबर फार मऊ नको. इंजिन हललं की पंख्याचा दांडा वाकडा फिरतो, आणि तिथे मात्र खरोखर ताकद जाते. इंजिन आणि दांडा यांच्यामध्ये लवचीक सांधा हवाच.

पंख्याबद्दल थोडक्यात. फार वेगानं फिरणारा लहान पंखा पाण्यात बुडबुडे करतो आणि ते फुटताना कडकडतात. थोडा मोठा पंखा कमी फेऱ्यांवर फिरवला तर बऱ्याचदा आवाज कमी आणि ढकल तेवढीच. इंजिन त्या फेऱ्यांना जुळवून घ्यायला हवं, म्हणजे पुन्हा नळीची लांबी वाढवायची.

हे सगळं केल्यावर पारख कशी करणार? कानानं नाही. कान या खटल्यात फितूर साक्षीदार आहे. अन्वय-व्यतिरेक लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तळ्यात ठरावीक अंतरावर दोन खुणा करा, बोट जाताना आणि येताना दोन्ही वेळा मोजा म्हणजे वाऱ्याचा हिशोब निघून जातो, आणि घड्याळ धरणाऱ्याच्या कानात बोळे घाला. कोणता सायलेन्सर लावलाय हे त्याला सांगूच नका. आवाज मोजायला दुसरा माणूस, नेहमी त्याच अंतरावर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो, म्हणून चार पावलांचा फरकही निकाल बदलतो.

चिठ्ठ्या आल्यात, त्यांतल्या दोन-तीन घेतो.

पहिली : किती आवाज चालतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. मिरजेच्या गणेश तलावासारख्या चहूकडे वस्ती असलेल्या पाण्यावर हे अवघडच आहे. त्यातही संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वाकतो आणि पलीकडच्या काठावर स्पष्ट पोचतो. बोट सकाळी उशिरा चालवा.

दुसरी : विजेची मोटर लावली तर? लावा की. आवाजाचा निम्म्याहून जास्त प्रश्न सुटतो. पंखा आणि बोटीचं अंग मात्र उरतंच, त्यांना वरचंच औषध.

तिसरी चिठ्ठी नदीत बोट चालवण्याबद्दल आहे. भिलवडी, औदुंबरच्या डोहांत मगरी आहेत हे आपल्याला सांगायला नको. बोट मध्येच बंद पडली तर पोहत आणायला कोणी जाऊ नये. गळाच्या दोऱ्याला चेंडू बांधून तो बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि हळूहळू ओढून घ्यायची. आणि बोट हातात आली की धुराची नळी लगेच धरू नका, पाणी मिळालं नसेल तर ती चांगलीच तापलेली असते.